बॉनेटवरचं गंध

नवरात्र सरत आलं की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याच्या नळीवरून भांडणं सुरू होतात. वर्षभर जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही अशी गाडीसुद्धा आयुधपूजेच्या आदल्या दिवशी न्हाऊन निघते. बादल्या, फडकी, साबणाचा फेस, कुणाची तरी लुंगी वर खोचलेली, कुणाचा तरी रेडिओ. मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसते आणि हा सगळा तमाशा बघते. परवा नातू वर आला आणि म्हणाला, "आज्जी, गाडीला एक महागाचा लेप देतात हल्ली. म्हणे पाणी टिकतच नाही वर, घरंगळून जातं. देऊ का? की उगीच पैसे पाण्यात?" मी आयुष्यात कधी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. तरी हा प्रश्न त्यानं मला विचारला, याचा मला फार आनंद झाला. मी म्हटलं, "विचार करून सांगते." तो हसत खाली गेला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

पण मी खरंच विचार करत बसले. कारण या विषयात माझा अभ्यास आहे, आणि तो मी मद्रासमध्ये, एग्मोरच्या घरात, एका ऐप्पसीच्या दिवसांत केलेला आहे. ऐप्पसी म्हणजे आपल्याकडचा आश्विन-कार्तिक. मी 'आपल्याकडचा' म्हणते, पण आमचं घराणं तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीच्या पाण्यावर वाढलेलं. माझं लिहायचं मराठी नवऱ्यामुळे पुण्याहून आलं, बोलायचं आईबरोबर तंजावरहून आलं. दोन्ही एकमेकांकडे जावांसारखी बघतात.

मद्रासच्या त्या दिवसांना धड उन्हाळाही म्हणता येत नाही आणि पावसाळाही नाही. ऊन असतं, पण त्याला घाम सुटलेला असतो. समुद्राकडून येणारं वारं दुपारी कुठं तरी अडकून पडतं. घरात नवरात्रातल्या गोलूच्या पायऱ्या मांडलेल्या, त्यांवर बाहुल्या, बाहुल्यांना ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास. संध्याकाळी सुंडल म्हणून वाटायच्या हरभऱ्यांवर खोबरं आणि हिंगाची फोडणी. आणि या सगळ्या पवित्र वासांत मागच्या शेडमधून घुसणारा एक परका वास: टर्पेंटाइनचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा. तो अप्पांच्या पॉलिशचा वास. मला तो इतका आवडायचा की मी डब्याचं झाकण काढून नाक घालायची. आई म्हणायची, "पोरीला खूळ लागटलं."

अप्पा म्हणजे माझे वडील. एका विलायती कंपनीच्या कचेरीत होते. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांचा गोरा साहेब सामान आवरून मायदेशी निघाला तेव्हा त्याची काळी गाडी अप्पांकडे आली. जुनीच होती, पण अंगानं भक्कम, गोल खांद्यांची. साहेबानं गाडीबरोबर एक शिकवण आणि पॉलिशचा एक चपटा गोल डबा दिला. शिकवण अशी की गाडी धुवायची सावलीत, पुसायची मऊ कातड्यानं, पॉलिश लावायचं बोटाएवढं आणि घासायचं हात दुखेपर्यंत. गाडी आमच्या घरात सहज रुळली. कातड्याचा तुकडा मात्र रुळला नाही. हरणाचं की बकरीचं, कुणास ठाऊक, पण ते कातडं आईनं कधी घराचा उंबरा ओलांडू दिलं नाही. ते शेडमध्ये खिळ्याला लटकायचं, आणि त्याला हात लावलेल्यानं विहिरीवर हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. अप्पा गाडी पुसून येताना विहिरीवर मुकाट्यानं पाय धूत, आणि आई मुकाट्यानं त्यांच्या पायांकडे बघत असे.

साहेबाचा डबा संपला. दुसरा डबा माउंट रोडच्या एका मोठ्या दुकानात मिळायचा, काचेच्या कपाटात, अत्तरांच्या शेजारी. अप्पा साधे गृहस्थ. दोन वेष्ट्या म्हणजे धोतरं, कचेरीचा एक कोट, छत्री दुरुस्त करून करून वापरलेली. पण पॉलिश आणायचं ते तेच. आई म्हणायची, "अवो, त्या डब्याच्या पैशात अस्क्या घराला महिनाभर तूप झालं असतं." अस्क्या म्हणजे सगळ्या. अप्पा म्हणायचे, "तूप खाऊन गाडी चमकत नाही." आई म्हणायची, "पॉलिश खाऊन पोरं वाढत नाहीत." हा संवाद दर वर्षी व्हायचा. त्यात कुणी हरत नसे.

शेजारचे नटेशन मामा या वादात तिसरा पक्ष होते. त्यांच्याकडेही गाडी होती आणि तिला ते खोबरेल आणि रॉकेल एकत्र करून चोपडायचे. ते तमिळ बोलायचे, आम्ही तमिळ आणि मराठीची मिसळ, आणि गाड्यांच्या बाबतीत सगळेच इंग्रजी. "सार," ते अप्पांना कुंपणावरून म्हणायचे, "बघा माझी. तुमच्यापेक्षा जास्त चमकते." आणि खरंच चमकायची. सकाळभर. दुपारपर्यंत एग्मोर स्टेशनाच्या रस्त्यावरची झाडून सगळी धूळ तिच्यावर बसायला यायची, आणि संध्याकाळी तिच्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. मी ते लिहायचीसुद्धा. मामा रागावत नसत. "धूळच ना," ते म्हणायचे, "पुसली की गेली."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, रसायनशास्त्र शिकत होते, आणि नव्या मुसलमानासारखा, पाचाच्या जागी सात वेळा नमाज पढण्याचा माझा उत्साह होता. दिसेल त्या गोष्टीवर प्रयोग करायची. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात ब्राझील देशातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे. मला ही गोष्ट अद्भुत वाटली. ताड आमच्याकडे काय कमी होते? तांबरमच्या वाटेवर दुतर्फा ताडच ताड. मग त्या तिकडच्या ताडानं असं काय केलं की त्याचं मेण अत्तरांच्या शेजारी बसावं? मी एक ताडाचं पान आणून नखानं खरवडूनही पाहिलं. हाताला पांढरी पूड लागली, आणि एक किडा.

मग मी गाडीच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, चार चौकोन आखले. एकावर अप्पांचं महागाचं पॉलिश, एकावर बाजारात मिळणारं साधं, एकावर मामांचं खोबरेल-रॉकेल, एक तसाच. अप्पांची परवानगी होती, उलट ते रोज कचेरीतून आल्यावर विचारायचे, "काय म्हणतात तुझे रुग्ण?" मी औषधाच्या ड्रॉपरनं पाण्याचे थेंब टाकून बघायची. पॉलिशवर थेंब उभा राहायचा, गोल, मोत्याएवढा. कोऱ्या चौकोनावर पसरून लोळायचा. खोबरेल पहिल्याच धुण्यात गेलं. साधं पॉलिश काही धुणी टिकलं. महागाचं त्याहून बरंच टिकलं. पण खरं सांगायचं तर ते जितक्या पट महाग होतं तितक्या पट टिकलं नाही. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते जरा खट्टू झाले. मग म्हणाले, "आणि घासणं? ते कोणत्या चौकोनात धरलंस?"

त्यांचं बरोबर होतं. निम्मी चमक डब्यात नव्हतीच, ती खांद्यातून यायची. मी साध्या पॉलिशच्या चौकोनाला अप्पांसारखं, आईच्या नऊवारीच्या झिजलेल्या तुकड्यानं, गोल गोल घासलं तेव्हा तोही बराचसा त्याच तोलाचा दिसू लागला. म्हणजे महाग डब्याचा फायदा होता, पण थोडा. मग माणूस तो का घेतो? हा प्रश्न रसायनशास्त्रात बसेना. मी तो तसाच ठेवून दिला.

त्या वर्षी दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती घरात सगळ्यांना माहीत असून कुणी उच्चारत नव्हतं. अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. उन्हाळ्यात ते डॉक्टरांकडे गेले, आई बरोबर होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गाडी चालवायची नाही. अप्पांनी घरी येऊन सांगितलं, "हळू चालवा म्हणाले." आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिनं त्यांना खोटं पाडलं नाही. पण त्यानंतर अप्पा गाडी काढू लागले की ती काहीतरी काम काढून त्यांच्या शेजारी बसायला लागली. भाजीला, देवळात, कुठंही. जिला गाडीत बसलं की मळमळायचं ती आई. "सायकल येते, अवो," ती म्हणायची. "दिसली मला," अप्पा म्हणायचे. दिसली होती की नाही, कुणाला ठाऊक. अप्पांचा हट्ट एवढाच की दसऱ्याला तांबरमला आत्याच्या घरी गाडीनं जायचं, दर वर्षीसारखं, स्वतः चालवून. पुढचं पुढं. आईला तो रस्ता डोळ्यांसमोर यायचा, त्यावरच्या लॉऱ्या, बैलगाड्या, शाळेची पोरं. तिची झोप उडाली होती.

आयुधपूजेला हत्यारांना सुट्टी असते. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, फक्त पूजा. आमच्याकडे अप्पांचं फाउंटन पेन, माझी पुस्तकं, आईची विळी, सुतळीचा दाभण, आणि दाराशी गाडी. आदल्या दिवशी अप्पांनी गाडीला पॉलिश केलं. पूर्वी ते उभे राहून, तिरक्या नजरेनं, उजेडाकडे बघत घासायचे. त्या दिवशी मी पाहिलं की ते वाकून, एक तळवा टेकवून, दुसऱ्या हातानं घासत होते, आणि प्रत्येक भाग झाला की त्यावरून तळवा फिरवत होते. मला वाटलं, ही काही नवी पद्धत असेल. मी विचारलं नाही. दिसत असून न विचारलेल्या गोष्टी पुष्कळ असतात घरात.

पूजेच्या सकाळी आईनं सहाणेवर गंध उगाळलं. दाट, थंड, केशर घातलेलं. विळीला लावलं, पुस्तकांना लावलं, मग वाटी घेऊन गाडीकडे आली. बॉनेटच्या मधोमध तिनं तीन बोटांनी गंधाचा टिळा ओढला आणि त्यावर कुंकू टेकवलं. हवा घामेजलेली होती. टिळा थरथरला आणि हळूहळू खाली घसरायला लागला. कुंकवाची लाल धार काढत थेट नाकापर्यंत. आईनं पुसून पुन्हा लावला. पुन्हा घसरला. ब्राझीलच्या ताडाचं मेण आपलं काम चोख बजावत होतं. जे पाण्याला टिकू देत नाही ते गंधाला कसं देईल?

मी हसले, आणि हसून गप्प झाले, कारण आईचा चेहरा पांढरा पडला होता. "गंध घेईना," ती म्हणाली. "देवी गंध घेईना, सरू." मी तिला मेणाचं शास्त्र सांगू लागले. तिनं ऐकलं नाही. उद्या हे गाडी काढणार, आणि आज गाडी गंध घेत नाही, एवढंच तिला दिसत होतं. अप्पा आत सोवळं नेसत होते. आई तरातरा मोरीकडे गेली आणि हातात चिंचेचा गोळा आणि राख घेऊन आली. पूजेची उपकरणी ती त्यानंच घासायची. ताम्हन, पळी, समई, सगळी सोन्यासारखी निघायची. आज गाडी पूजेत बसली होती, म्हणजे तीही उपकरणच. आईच्या दृष्टीनं त्यात काहीही चुकीचं नव्हतं. मी "आई, नको!" म्हणेपर्यंत तिनं बॉनेटवर ताटाएवढी जागा घसाघसा घासून काढली होती.

धुतल्यावर जे दिसलं ते बघून आम्ही दोघी थिजलो. पितळ चकाकतं, रंग चकाकत नाही. काळ्या आरशाच्या मधोमध राखाडी, ओरखड्यांचा एक डाग, पाटीवर ओला हात फिरवावा तसा. आई म्हणाली, "ऐयो." मग तिनं गंध लावलं. गंध घट्ट बसलं. तिनं सगळ्या डागावर गंधाचा मोठा लेप दिला, वर कुंकू, वर झेंडूची माळ. अप्पांनी येऊन आरती केली. आई दिवसभर माझ्याजवळ कुजबुजत होती, "उद्या पुसतील तेव्हा काय म्हणतींत?" अप्पा कधी आवाज चढवत नसत. पण त्या गाडीवर कावळ्याच्या नखाचा ओरखडा उठला तरी ते दोन दिवस जेवताना बोलत नसत.

दसऱ्याच्या सकाळी नटेशन मामा गाडीची दृष्ट काढून कोहळा फोडायला आले. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आत्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा मागच्या सीटवर. अप्पा अंघोळ करून, धुवट वेष्टी नेसून आले आणि म्हणाले, "गंध वाळून रंगाला खाईल," आणि ओल्या फडक्यानं बॉनेट पुसू लागले. आईनं माझा दंड धरला. फडकं डागावरून गेलं. एकदा, पुन्हा एकदा. अप्पा मागं सरले, मान तिरकी करून त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं. ऊन थेट बॉनेटवर होतं. मामा तिकडून तोंड उघडणार होते, मी त्यांना हातानं थांबवलं.

"चोखट!" अप्पा म्हणाले. म्हणजे छान. "यंदा सगळ्यांत चोखट निघाली."

आईची पकड माझ्या दंडावर इतकी आवळली की बोटं उमटली. ओरडा खायची तयारी तिनं केली होती, या एका शब्दाची नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पाठ होतं, पण ते किती खरं आहे हे तिनं त्या क्षणी पाहिलं. अप्पा किल्ली घेऊन दाराकडे वळले. मला वाटलं, आता आई रडेल किंवा देवाचं नाव घेऊन शेजारी बसेल. ती पुढं झाली. चारचौघांत नवऱ्याचा हात कधी न धरणाऱ्या त्या बाईनं अप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचा तळवा त्या डागावर टेकवला.

अप्पांचा हात तिथं थांबला. मग बोटं हलली. कडेपर्यंत गेली, गुळगुळीत भाग लागला, परत आली.

"हे काय?"

"मी घासटलं," आई म्हणाली. "चिंच आणि राखेनं. गंध बसत नव्हतं म्हणून."

"कधी?"

"काल."

"केवढं आहे?"

"ताटाएवढं."

अप्पा रागावले नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी वर, उन्हाकडे पाहिलं, पुन्हा बॉनेटकडे पाहिलं, अगदी जवळ वाकून. मग सरळ झाले आणि मामांना म्हणाले, "नटेशन, आज तुम्ही चालवाल का?" किल्ली त्यांनी मामांच्या हातावर ठेवली आणि स्वतः मागं, पुरणपोळ्यांच्या डब्याशेजारी जाऊन बसले. लिंबं चिरडल्याचा आवाज झाला. मला रडू आवरेना. अख्ख्या रस्त्यात ताडांची झाडं मागं पळत होती आणि अप्पा डोळे मिटून बसले होते.

ऐप्पसीचा पाऊस दिवाळीनंतर आला तो मुक्कामालाच आला. दिवसच्या दिवस छपरांवरून पाणी. गाडी आता पोर्टिकोत उभी असायची, नाक रस्त्याकडे, बाहेर पावसात काढून. अप्पांनी पॉलिश करणं सोडलं नाही. न चालणाऱ्या गाडीला दर रविवारी तळवा टेकवून, गोल गोल. मला नवल वाटायचं. पूर्वी कळायचं, गाडी रस्त्यावर जायची, चार लोक बघायचे. आता कुणासाठी? एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "हाताला कळतं, सरू. चांगलं झालेलं हाताला कळतं." हे त्यांनी दुःखानं सांगितलं नाही, एखादी नवी गोष्ट सापडल्यासारखं सांगितलं.

आणि आई बाहेर येऊन बसायला लागली. आधी निवडायचं धान्य घेऊन, मग नुसतीच. पावसाची सर आली की अप्पा विचारायचे, "वर काय दिसतं?" आई वाकून बॉनेटमध्ये बघायची आणि सांगायची. "नारळाचं झाड. उलटं. पोस्टमन चालला, छत्री मोडलेली. नटेशन मामांची बायको कपडे उचलते. हे आणि एक कावळं." अप्पा हसायचे. "आणि तुझ्या ताटात?" "माझ्या ताटात काही दिसत नाही," ती म्हणायची, "तिथं पाणी सपाट पडतं." मग अप्पा त्या डागावर जास्त घासायचे. तो कधी पुरता गेला नाही. पण त्यांच्यात बोलणं किती वाढलं होतं! इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

डबा संपत आला. अप्पांची बाहेर जायची इच्छा उरली नव्हती, पेन्शनीची भाषा चालू होती, आणि मी माझ्या चार चौकोनांच्या आधारावर सांगितलं की आता साधं पॉलिश पुरे. गाडी चालत नाही, धूळ नाही, फरक पडणार नाही. शास्त्रानं ते बरोबरच होतं. अप्पाही म्हणाले, "हो, साधंच आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरात नव्हती. पावसात, छत्री घेऊन, एकटी कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. एकटी ती कधी देवळापलीकडे गेलेली नव्हती. चार वाजता भिजून आली आणि पदराखालून तिनं तो चपटा गोल डबा काढला. माउंट रोडच्या दुकानातला, महागाचाच.

अप्पांनी डबा हातात घेतला, बोटांनी झाकणावरची अक्षरं चाचपली आणि ओळखला. "अगं, हा कशाला आता? मला काय दिसणार आहे त्यात?"

आई केस पिळत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला नाही, मला पाहिजे. दोघांच्या वाटचं बघायचं आहे मला."